सोंगासाठी गाडी निवडताना

‘टार्झन : द वंडर कार’ 6 ऑगस्ट 2004 ला प्रदर्शित झाला आणि लवकरच पडला. कथा आज फारशी कुणाला आठवत नाही, जांभळी गाडी मात्र आठवते. अब्बास-मस्तान यांच्या या चित्रपटासाठी ती दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने घडवली. बाहेरचं रूप त्यांचं, आतली गाडी टोयोटाची : एमआर2, दुसऱ्या पिढीची. पडद्यासाठी गाडी बनवणाऱ्यांच्या भाषेत ही ‘डोनर’. स्वतःचा सांगाडा, इंजिन, चाकं आणि कागद देऊन दुसऱ्याच गाडीचं सोंग घेणारी.

मला तर त्या चित्रपटातला सर्वांत शहाणा निर्णय हाच वाटतो. एमआर2चं इंजिन पुढच्या बॉनेटखाली नाही. ते दोन सीटांच्या पाठीमागे, मागच्या ॲक्सलच्या पुढे बसवलेलं आहे. त्यामुळे नाक हवं तितकं खाली नेता येतं आणि बसणारी माणसं पुढे सरकतात. हेच एखाद्या सेडानवर करायला गेलं असतं, तर इंजिनाच्या डोक्यापेक्षा बॉनेट खाली गेलंच नसतं. मग पत्र्याचा कितीही मोठा कारागीर आणा, गाडी सुजल्यासारखीच दिसणार.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. गाड्यांच्या या धंद्यात त्यात व्हीलबेसचीही भर घालावी लागेल. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं हे अंतर चुकलं, की दारं आखूड होतात किंवा मागचा भाग लोंबतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ‘काहीतरी गंडलंय’ हे लगेच कळतं. 1966 च्या ‘बॅटमॅन’ मालिकेतली बॅटमोबील जॉर्ज बॅरिस यांनी लिंकन फ्युचुरा या 1955 च्या एकुलत्या एक प्रदर्शनी गाडीपासून बनवली. तिचा व्हीलबेस 126 इंच. पुढे गावोगाव मिरवायला फायबरच्या प्रतिकृती हव्या होत्या, तेव्हा फोर्ड गॅलक्सीचं चेसिस घेतलं. ते 119 इंचांचं, म्हणून कापून लांबवावं लागलं. चेसिस लांबवणं म्हणजे नुसती पट्टी जोडणं नव्हे. प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, सगळंच नव्याने मोजायला लागतं.

आकडे कधीकधी गंमत करतात. एमआर2चा व्हीलबेस 2400 मिलीमीटर, जुन्या फोक्सवॅगन बीटलचा तेवढाच, आणि ‘बॅक टू द फ्युचर’मधल्या डीलोरियनचा 2408. तिन्हींची इंजिनं चालकाच्या पाठीमागे. बीटलचा तळ आणि वरचा डबा बोल्ट काढले की वेगळे होतात, म्हणूनच हौशी गाडीकारांनी जगभर तिला उचललं. ब्रूस मेयर्स यांची मँक्स ही वाळूवरची बग्गी बीटलचाच तळ आखूड करून बनते. 1968 च्या ‘द थॉमस क्राउन अफेअर’मध्ये स्टीव्ह मॅक्वीन समुद्रकिनाऱ्यावर तीच पळवतो.

नवशिके ज्याकडे हमखास दुर्लक्ष करतात ती वस्तू म्हणजे समोरची काच. पत्रा ठोकता येतो, फायबर साच्यात ओतता येतं, दिवे दुसऱ्या गाडीचे चालतात. पण वक्र, लॅमिनेटेड काच एका गाडीपुरती कुणी बनवून देत नाही. दिली तर तिची किंमत डोनरच्या पुढे जाईल. म्हणून काच आणि तिच्या दोन बाजूंचे खांब जसे आहेत तसेच ठेवायचे, हे गृहीत धरूनच गाडी शोधायची. ‘मायामी व्हाइस’ या अमेरिकी मालिकेतली काळी फेरारी खरं तर शेवरोले कॉर्व्हेटवर चढवलेलं सोंग होतं. लांब नाक, मागे सरकलेली दोन माणसं, पुढे इंजिन : मूळ बांधाच जुळत होता. सोंग इतकं वठलं की फेरारीने बनवणाऱ्यावर दावा ठोकला आणि पुढे मालिकेत खरी टेस्टारोसा आली.

आपल्याकडे यातलं काय मिळतं? मागे इंजिन असलेली, सहज सापडणारी गाडी म्हणजे टाटा नॅनो. पण 2230 मिलीमीटरचा व्हीलबेस, अरुंद बांधा आणि उंच टप यांवर टार्झन चढत नाही. काळी-पिवळी टॅक्सी हवी असेल तर पद्मिनीच घ्यावी लागते, तिथे सोंगाचा प्रश्नच नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या टॅक्सींतूनही गेली. आता धड तळाची पद्मिनी शोधणं, हेच मुख्य काम.

जीपचं प्रकरण जास्त रंगतदार. महिंद्राने 1949 मध्ये माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे इथे बनलेली सीजे-3बी आणि दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी, दोन्हींचा व्हीलबेस 80 इंच. युद्धपटासाठी डोनर सापडला म्हणून माणूस उडी मारतो, आणि बॉनेटपाशी अडकतो. सीजे-3बीतलं हरिकेन इंजिन उंच, म्हणून तिचं बॉनेटही उंच. युद्धातल्या जीपचं बॉनेट बुटकं आणि पुढच्या जाळीत नऊ फटी. सीजेच्या जाळीत सात. फटींचं निभावता येतं, नवी जाळी ठोकून घेता येते. बॉनेट खाली आणायचं तर इंजिनच बदलायला हवं.

डोनर म्हणून जुनी गाडी प्रत्यक्ष बघायला जायचं, तर उदाहरणादाखल चामटोलीकडे येऊ. बदलापूर आणि वांगणीच्या मधलं हे गाव राज्यभर ऐकू आलं ते 27 जुलै 2019 ला. उल्हास नदीच्या पुराने कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस इथेच पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. या पट्ट्यात स्वस्तातली जुनी गाडी बघायला जाणाऱ्याने ही तारीख खिशात ठेवावी. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण काही जागांपर्यंत हात पोचत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गुंडाळीतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली, तर पाणी तिथवर होतं. हेडलाइटच्या आत सुकलेला गाळ, गालिच्याखालच्या फोममधला कुबट वास, डॅशबोर्डमागच्या स्क्रूंवरचा तांबूस गंज हेही बोलतात. मग दारांखालच्या पट्टीवर चुंबक फिरवायचं. ते जिथे सुटतं, तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितलं तर आवाजही बद्द येतो.

तरीही बुडालेली गाडी सरसकट वाईट म्हणता येणार नाही. सोंगाच्या गाडीची वायरिंग, सीटा, पत्रा हे सगळं तसंही काढून टाकायचं असतं. बुडालेल्या गाडीत नेमकं तेवढंच खराब झालेलं असेल, तर उरलेलं निम्म्या भावात मिळतं. चेसिसच्या पोकळ भागात चिखल बसलेला असेल तर मात्र भाव कितीही पडो, हात लावू नये. तो गंज आतून खातो, आणि कळतो तो वेल्डिंगची ठिणगी पडल्यावर.

एवढं जुळूनही कागद आडवा येऊ शकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. रंग बदलला तर परवानगी घेऊन आरसी बुकात नोंदवता येतो. नाक, छप्पर, इंजिन बदललेली गाडी मात्र खाजगी जागेत चालवायची आणि चित्रीकरणाला ट्रकवर चढवून न्यायची, हाच सरळ मार्ग.

सांगली जिल्ह्यात, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी देवराष्ट्रे इथे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि त्याच दमात म्हटलं, की नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या अडवली जाईल, तर बदल्यात बोलेरो घ्या. पुढच्याच महिन्यात बोलेरो घरी आली. कौतुकाला दाद देणारे खूप होते, पण त्यातला सावधपणाचा इशारा मला अधिक मोलाचा वाटतो. लोहारांसारखी अदलाबदल बाकीच्यांच्या नशिबी येणार नाही.

म्हणून चामटोलीत अंगण आणि वेल्डिंग मशीन असलेल्या हौशी माणसाने टार्झनचा नाद सोडावा. 80 इंची जीप शोधावी, मूळ इंजिनासकट, आणि तिच्यावर तिच्याच काळातल्या सीजेचं रूप परत आणावं. बघायला जाताना पांढरा कागद आणि पेन्सिल न्यावी. चेसिसवरचा नंबर घासून ठसा घ्यावा आणि आरसी बुकातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवावा. एखादा आकडा इतरांपेक्षा खोल उमटला किंवा आजूबाजूचा पत्रा घासलेला दिसला, तर चहा पिऊन परत फिरावं. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी पुन्हा झाली आहे का आणि पर्यावरण कर भरलाय का, हेही बघावं. गाडी कल्याणच्या एमएच-05 ची नसून दुसऱ्या कार्यालयाची असेल, तर नमुना 28 चं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते हातात आल्यावर आणि नमुना 29 व 30 वर मालकाच्या सह्या झाल्यावरच टोइंगवाल्याला फोन करावा.