लव्हाळ्याची गाठ आणि रक्ताचा कर्करोग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याला लव्हाळा काय चीज आहे हे सांगायला नको. भात निघाल्यावर शेतात वाल पेरावा, तर त्याच्याबरोबर हाही डोके वर काढतो. विळ्याने कापला की शेत स्वच्छ दिसते. पण मातीखालची गाठ शाबूत असते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा हिरवे कोंब दिसू लागतात. तीव्र स्वरूपाच्या रक्ताच्या कर्करोगाचे, म्हणजे अॅक्यूट ल्युकेमियाचे, काहीसे असेच आहे.

आपले रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होते. तिथे थोड्याशा मूलपेशी, ज्यांना आपण स्टेम सेल म्हणतो, जन्मभर बसून असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट हे सारे त्यांचेच गोत. ल्युकेमियात अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशींची गर्दी होते आणि चांगल्या रक्ताला जागा उरत नाही. मग न हटणारा ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग.

या गर्दीतली प्रत्येक पेशी सारखीच घातक असते का? टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये याचा शोध घेतला. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत त्यांनी माणसाच्या मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशी सोडल्या. रोग रुजवण्याची ताकद सुमारे अडीच लाखांत एखाद्याच पेशीत आढळली. बाकीची नुसती पाने. गाठ ती हीच!

आता आपली केमोथेरपी पाहा. तिचा मारा मुख्यतः भराभर विभागणाऱ्या पेशींवर असतो. रोगाच्या मूलपेशी मात्र पुष्कळदा मज्जेच्या कोपऱ्यात झोपलेल्या असतात. काहींना तर आत आलेले औषध बाहेर फेकण्याचीही कला साधलेली असते. निदानाच्या वेळी शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसते, तरी शंभर कोटी पेशी मागे उरलेल्या असू शकतात.

घोळ होतो तो नेमका इथे. रिपोर्ट चांगला, ताप गेला, भूक लागू लागली. खोपोलीहून परळच्या टाटा रुग्णालयापर्यंतच्या खेपा, बुडणारी मजुरी, त्यात लावणी तोंडावर आलेली. 'आता बरे आहे, पुढच्या वेळी बघू' असे घरात कोणी तरी म्हणतेच, आणि त्यात अडाणीपणा मुळीच नाही. पण 'रिपोर्ट चांगला' याचा अर्थ पाने कापली गेली, इतकाच. म्हणून मायलॉइड प्रकारात पुढच्या फेऱ्या द्याव्या लागतात आणि मुलांत अधिक दिसणाऱ्या लिम्फोब्लास्टिक प्रकारात औषधे दोन-अडीच वर्षे चालतात. या दुसऱ्या प्रकारात, खरे तर, रोग पुन्हा उभा करणाऱ्या पेशी एकाच साच्याच्या नसतात. तिथे गाठीची उपमा थोडी लंगडी पडते.

रोग हट्टी असेल तर मज्जाच बदलायची. १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटामध्ये ल्युकेमिया झालेल्या एका लहान मुलीवर मज्जा प्रत्यारोपण केले, मज्जा तिच्या भावाची. यात दात्याच्या पांढऱ्या पेशी लपलेल्या शत्रूला हुडकून मारतात, हा मोठाच फायदा.

पुढचे पाऊल आपल्याच रायगड जिल्ह्यात पडले. खारघरच्या अॅक्ट्रेक केंद्रात जून २०२१ मध्ये रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना रोगाची खूण शिकवून त्या परत शरीरात सोडण्यात आल्या. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. लिम्फोब्लास्टिकच्या 'बी' प्रकारात तो चालतो. मायलॉइड प्रकारात मात्र अडचण आहे: रोगट मूलपेशीच्या अंगावरच्या बहुतेक खुणा निरोगी मूलपेशीच्या अंगावरही असतात. तण मारताना वालाचा कोंबही जळतो.