अवकाशांतील घर कीं परका ग्रह?

पृथ्वीबाहेर वस्ती करावयाची तर मंगळासारखा ग्रहच राहण्याजोगा करून घ्यावा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ग्रहाचा पृष्ठभाग हीच योग्य जागा काय, असा प्रश्न प्रिन्स्टनचे प्रा. जेरार्ड ओ'नील यांनीं १९६९ सालीं आपल्या विद्यार्थ्यांस घातला.

१९७४ मध्यें त्यांनीं योजना मांडली ती अशी: ६.४ किलोमीटर व्यासाचें व ३२ किलोमीटर लांबीचें पोकळ नळकांडें दोन मिनिटांहून किंचित् कमी वेळांत एक गिरकी घेत राहील. भरलेली बादली गरगर फिरविली असतां पाणी सांडत नाहीं, हें आपण लहानपणीं करून पाहिलेंच असेल. तद्वत् आंतल्या भिंतीवर माणसें, माती, झाडें टेकून राहतील व वजन पृथ्वीवरच्याइतकेंच भरेल. मंगळावर तें जेमतेम ३८ टक्के. तेथें ऊब व हवा एक वेळ निर्माण करतां येईल. ग्रहाचें वस्तुमान कोण वाढविणार? तेथें जन्मलेल्या मुलाचीं हाडें कशीं वाढतील, हें अद्याप कोणासच ठाऊक नाहीं.

म्हणून माझा कौल नळकांड्यास. मात्र एक अडचण मोठी आहे. अमेरिकेंत अॅरिझोना येथें १९९१ मध्यें आठ माणसें कांचेच्या बंद वास्तूंत दोन वर्षांकरितां राहावयास गेलीं. मातींतील जंतूंनीं प्राणवायु इतका खाल्ला कीं, तो सुमारें २१ टक्क्यांवरून साडेचौदांवर आला. त्यांतून निघालेला कर्बवायु काँक्रीट शोषून घेत होतें. त्यामुळें कारण शोधणें अवघड झालें. अखेर १९९३ सालीं बाहेरून प्राणवायु भरावा लागला. नळकांड्यास असा शेजार नाहीं. तेव्हां अशी बंद बाग प्रथम पृथ्वीवरच वर्षानुवर्षें चालवून पाहिली पाहिजे.