इन्व्हर्टरची केबल घेताना

गेल्या रमजानची गोष्ट. सहरीच्या वेळी वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखे फिरू लागले आणि अम्मीने मिक्सर लावला. थोड्याच वेळात गॅलरीतून प्लास्टिक जळाल्याचा वास आला. पाहिले तर बॅटरीच्या केबलचा जोड वितळून ओघळत होता. काही महिन्यांपूर्वी बॅटरी हॉलमधून गॅलरीत हलवली, तेव्हा केबल अपुरी पडली होती. कारागिराने घरगुती वायरिंगची तार पिळून जोडली आणि टेप गुंडाळली. आम्हीही चार पैसे वाचले म्हणून खूश झालो. अल्लाहची मेहेरबानी, की त्या वेळी सगळे जागे होते.

पंख्या-दिव्यांना चालणारी तार बॅटरीला का चालत नाही? ७०० वॅटचा भार २३० व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो. तोच भार १२ व्होल्टच्या बॅटरीवर टाकला, तर इन्व्हर्टरमधील घट धरून सुमारे ७० अँपिअर लागतात. तार तापते ती प्रवाहामुळे, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

समजा, बॅटरी इन्व्हर्टरपासून ३ मीटरवर आहे. लाल आणि काळी मिळून केबल झाली ६ मीटर. ती तांब्याची, पण ६ चौरस मिलिमीटरची असेल, तर ७० अँपिअरला सव्वा व्होल्ट वाटेतच जातो आणि सुमारे ८५ वॅट केबल तापवण्यात खर्च होतात. म्हणजे छताच्या एका पंख्याइतकी वीज! शिवाय व्होल्टेज घटल्याने बॅटरी संपण्याआधीच इन्व्हर्टर ओरडू लागतो. हीच केबल २५ चौरस मिलिमीटरची असेल, तर नुकसान २० वॅटवर येते. म्हणून अंतर शक्य तितके कमी ठेवावे. ते वाढवावेच लागले, तर केबलही जाड घ्यावी आणि मध्ये जोड नसावा.

जाडी बाहेरून मोजू नका. वरचे आवरण जाड आणि आत धातू थोडा, असा माल बाजारात मिळतो. दुसरी फसगत म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी चकाकी दिसली तर ते तांबे नव्हे. अशी केबल हाताला हलकीही लागते. ॲल्युमिनियमला तेवढाच प्रवाह तेवढ्याच नुकसानीत वाहून नेण्यासाठी तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक जाडी लागते.

गाडीलाही हाच नियम लागू आहे. छोट्या कारचा स्टार्टरदेखील क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. बॅटरी नवी असूनही गाडी कण्हत सुरू होत असेल, तर केबल आणि तिचे अर्थिंग आधी तपासावे. छतावरच्या सोलर पॅनेलसाठी मात्र कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, उन्हात न तडकणारी सोलर डीसी केबलच घ्यावी. तिच्यासाठी आयएस १७२९३ हे भारतीय मानक आहे. कोकणच्या खाऱ्या हवेत हा मुलामा विशेष उपयोगी पडतो.

कारागिराला तीन गोष्टी सांगाव्यात : टोकाला योग्य मापाचे लग यंत्राने दाबून बसवावेत, बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज घालावा, आणि केबल सोडवताना निगेटिव्ह आधी काढून जोडताना शेवटी लावावी.

आमच्याकडे आता अखंड, जाड केबल आहे. पुढच्या वेळी वीज गेली की पंधरा मिनिटांनी आपल्याही केबलच्या आवरणाला हात लावून पाहा. ते कोमट असेल तर ठीक. चटका बसला, तर इन्व्हर्टर बंद करा आणि केबल बदलेपर्यंत चालू करू नका.