नदीकाठ हेच कोठार

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट लागते. इथल्या बंधाऱ्यापाशी मुळा-मुठा उथळ होते, खडक उघडे पडतात आणि थंडीत चक्रवाक, थापट्या पाहायला पक्षीनिरीक्षकांची गर्दी होते. त्याच काठच्या चिखलात शेपटी हलवत पळणारा पांढरा धोबी मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. वजन जेमतेम वीस ग्रॅम. इतके लहान शरीर उष्णता झपाट्याने गमावते आणि रात्रभर जळलेली चरबी दुसऱ्या दिवशी भरून काढावीच लागते. तरीही हा पक्षी कुठे दाणागोटा लपवून ठेवत नाही. मग साठवण करणारे पक्षी हुशार आणि हा केवळ दिवस ढकलणारा, असे म्हणायचे का? माझ्या मते नाही. पक्ष्याने काय लक्षात ठेवायचे, हे त्याचे अन्न कसे संपते आणि कसे परत येते यावर ठरते.

साठवणीचे थोर उदाहरण म्हणजे उत्तर अमेरिकेतील चिकडी. बर्फ पडण्याआधी ती सालीच्या फटींत, शेवाळात एकेक बी वेगवेगळ्या जागी दडवते आणि पुढे त्या जागा आठवून काढते. अलास्का आणि कोलोराडो इथल्या चिकडींची तुलना व्लादिमीर प्रावोसुदोव्ह आणि निकोला क्लेटन यांनी 2002 साली प्रसिद्ध केली. कडक हिवाळ्याच्या अलास्कातील पक्षी जास्त साठवत, लपवलेले अधिक अचूक शोधत आणि त्यांच्या मेंदूतील स्थलस्मृतीचा भाग, हिप्पोकॅम्पसही मोठा होता. सिएरा नेवाडातील पहाडी चिकडींमध्ये ज्यांची स्थलस्मृती चांगली, ते पक्षी पहिला हिवाळा तरून जाण्याची शक्यता अधिक, असे 2019 साली दिसले. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी 2024 साली दाखवले की प्रत्येक बी लपवताना हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींचा एक वेगळाच नमुना क्षणभर उमटतो आणि ते बी काढताना तोच पुन्हा जागा होतो. ज्या जंगलात नवे अन्न महिनोन्‌महिने येणार नाही, तिथे ही क्षमता जगण्याचा आधार ठरते.

पण याच कुळातली आपली राखी वल्गुली असा साठा करत नाही; युरोपातील तिची नातलग मोठी वल्गुलीही करत नाही. म्हणजे साठवण हा सगळ्या कुळाचा गुण नव्हे. आपल्याकडे खाटीक पक्षी नाकतोडे, सरडे बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो, पण मांस फार टिकत नाही. संबंध ऋतूची ती बेगमी नव्हे. धोब्याचे खाद्य तर डास, चिलटे, पाण्यातले किडे. ते दडवून काही उपयोग नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण नदी ते रोज काठाला आणून टाकते.

हा मुद्दा निक डेव्हिस आणि अ‍ॅलस्डेअर ह्यूस्टन यांनी ऑक्सफर्डजवळ थेम्सच्या काठी धोब्यांवर केलेल्या अभ्यासातून स्पष्ट होतो. तिथला धोबी काठाचा एक पट्टा आपला म्हणून राखतो, एका काठाने जातो, दुसऱ्याने परततो. फेरी साधारण चाळीस मिनिटांची. तेवढ्या वेळात आधी टिपून रिकाम्या केलेल्या जागी लाटांनी पुन्हा किडे आणलेले असतात. घुसखोर मात्र नेमका नुकत्याच रिकाम्या झालेल्या तुकड्यावर उतरतो आणि उपाशी निघून जातो. नदीकाठ हेच इथे कोठार आहे. ते कुठल्या टोकाला आणि केव्हा भरते, याचा अंदाज मालकाकडे असतो.

यावर आक्षेप येईल की ही आठवण नव्हे, ठरलेली फेरी आहे. फेरी उपजत असू शकते. पण त्याच अभ्यासात, अन्न भरपूर असलेल्या दिवशी मालक दुसऱ्या पक्ष्याला पट्ट्यात राहू देई आणि त्याच्याकडून राखणीला मदत मिळवी. टंचाईच्या दिवशी त्याला हाकलून देई. स्वतःच्या पट्ट्यात काही नसेल तेव्हा थव्यात चरायला जाई, पण अधूनमधून पट्टा सांभाळायला परते. हे वागणे ठोकळेबाज नाही. दुसरा आक्षेप असा की पुण्याच्या सौम्य थंडीची चिकडीच्या हिवाळ्याशी तुलनाच होऊ शकत नाही. तेच तर सांगायचे आहे. चिकडी थांबून साठवते, पांढरा धोबी हजारो किलोमीटर उडून ताज्या अन्नापाशी येतो. स्थलांतर हा साठवणीला पर्याय आहे, आणि परतीच्या प्रवासाची चरबीही त्याला याच काठावर मिळवायची असते.

तिसरा आक्षेप जास्त अवघड आहे: शहराच्या सांडपाण्यावरच हे किडे पोसले जातात, मग प्रदूषण पक्ष्यांच्या पथ्यावरच पडते ना? काही जातींच्या, काही काळ, पडते. पण अशा पाण्यात थोडेच चिवट किडे तगतात आणि त्यांच्यावर जगू शकणारे पक्षीही थोडेच. पाणी स्वच्छ व्हायलाच हवे. मात्र स्वच्छतेच्या नावाखाली उथळ, चिखलाचा उतार काढून तिथे सरळ भिंत बांधली, तर लाटेने आणलेला किडा थांबणार कुठे? चिकडीचे जंगल तोडले तर तिची स्मृती निरुपयोगी होते. धोब्याचा काठ बांधून काढला तरी तेच घडेल. मुळा-मुठेचे आराखडे करणाऱ्यांनी पाण्याइतकाच काठाचाही विचार करावा.