वेदनेचा एकच साक्षीदार

माझ्या मावशीच्या कमरेचे ऑपरेशन सात वर्षांपूर्वी झाले. मणक्यांमधली सरकलेली गादी काढली, नंतरचा एमआरआय चांगला आला, टाक्यांचा व्रणही पुसट झाला. दुखणे मात्र गेले नाही. कमरेतून डाव्या पायात उतरणारी आग आणि रात्री अवचित उठणारी सणक तशीच राहिली. ‘आता दुखायला काही कारण उरलेलं नाही,’ असे डॉक्टर म्हणत. घरातले हळू आवाजात ‘मनाचं आहे’ म्हणू लागले. या वर्षी एका वेदनातज्ज्ञाने तिला निराळा उपाय सुचवला : मज्जारज्जूलगत बारीक तार बसवायची आणि तिच्यातून विजेची सौम्य स्पंदने द्यायची. खर्च काही लाखांचा. घरात बैठक बसली तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता : गुण येईल का?

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधू लागल्यावर लक्षात आले की गेली जवळजवळ साठ वर्षे वैद्यकशास्त्रही हाच प्रश्न विचारत आले आहे. वीज मोजता येते. वेदना मोजायला मात्र ज्याचे दुखते त्याच्या शब्दाखेरीज दुसरे साधन नाही. या उपचाराची सारी कहाणी या एका अडचणीभोवती फिरते.

दुखण्यावर विजेचा उपाय तसा प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनिअस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखीवर आणि गाउटवर वीज सोडणारा टॉर्पेडो मासा सांगितला आहे. गाउटच्या रुग्णाने समुद्राच्या ओल्या काठावर जिवंत मासा पायाखाली घ्यायचा आणि पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो तसेच उभे राहायचे. उपाय अनुभवाचा होता. तो का लागू पडावा, हे सांगणारी उपपत्ती त्यामागे नव्हती.

वेदनेची उपपत्ती सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने मांडली. पायाला विस्तव लागला की तिथला धागा ओढला जातो आणि दोरी ओढल्यावर दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी, तशी मेंदूत वेदना होते. या चित्रात हिशेब चोख आहे : जेवढी जखम तेवढी वेदना, जखम भरली की वेदना संपली. कापून टाकलेल्या पायाचा अंगठा दुखतो म्हणणाऱ्या माणसाला या चित्रात जागा नाही. ‘दुखायला कारण उरलेलं नाही’ म्हणणारे मावशीचे डॉक्टर नकळत देकार्तचीच भाषा बोलत होते.

ही घंटेची दोरी १९६५ साली तुटली. रोनाल्ड मेल्झॅक हे मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हे चेताशास्त्रज्ञ यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वेदनेच्या ‘दरवाजा सिद्धांता’चा निबंध प्रसिद्ध केला. कातडीपासून मज्जारज्जूकडे जाणारे चेतातंतू एकसारखे नसतात. स्पर्शाची, दाबाची खबर नेणारे तंतू जाड असतात आणि खबर वेगाने पोचवतात. वेदनेची खबर बारीक तंतूंमधून जाते. त्यांतल्या सर्वांत बारीक तंतूंचा वेग सेकंदाला दोन मीटरसुद्धा नसतो. दोन्ही खबरा मज्जारज्जूच्या मागल्या भागात एकत्र येतात. तिथे जणू एक दरवाजा आहे आणि तो किती उघडायचा हे दोन्ही तंतूंच्या चढाओढीवर ठरते, असे या दोघांनी सुचवले. जाड तंतू जागे झाले की दरवाजा लोटला जातो. मेंदूकडून खाली येणारे निरोपही तो उघडू किंवा मिटू शकतात. कोपर आपटले की आपला हात आपोआप तिथे जाऊन चोळू लागतो, तो या अर्थाने दरवाजाच लोटत असतो.

सिद्धांत खरा असेल तर जाड तंतूंना विजेने जागे करून वेदना अडवता यायला हवी. वॉल आणि बॉस्टनचे मेंदूशल्यविशारद विल्यम स्वीट यांनी आधी स्वतःच्याच डोळ्याखालच्या चेतातंतूवर सुईने विद्युत्‌प्रवाह देऊन पाहिला, मग आठ रुग्णांवर प्रयोग केला. १९६७ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी, अभियांत्रिकीचे तरुण संशोधक थॉमस मॉर्टिमर यांच्या साथीने, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्रस्त असलेल्या एका वृद्धाच्या मज्जारज्जूच्या मागल्या बाजूला इलेक्ट्रोड बसवला. जाड तंतू तिथे एका जुडीत भेटतात. त्या माणसाची वेदना कमी झाली आणि मज्जारज्जूला वीज देण्याच्या उपचाराचा आरंभ झाला.

या शस्त्रक्रियेसाठी योग्य रुग्ण निवडायचे, म्हणून आधी कातडीवर चकत्या चिकटवून प्रवाह देऊन पाहिला जाई. काहींना तेवढ्यानेच आराम पडू लागला आणि निवडीची चाचणी स्वतंत्र उपचार बनली. ते यंत्र म्हणजे टेन्स. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही फिजिओथेरपिस्टकडे जाऊन ‘करंट घेऊन’ आलेली माणसे भेटतात. त्यांतल्या अनेकांच्या पाठीला लागलेल्या त्या चकत्या याच घराण्यातल्या.

मज्जारज्जूचा उपचार आज बराच सुटसुटीत झाला आहे. पोकळ सुईतून बारीक तार मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत सरकवतात. पहिले काही दिवस यंत्र शरीराबाहेरच ठेवतात. या चाचणीत वेदना निम्म्याने तरी कमी झाली, असे रुग्णाने सांगितले तरच आडपेटीएवढे नव्हे, काडेपेटीहून थोडे मोठे यंत्र कमरेखाली किंवा पोटाच्या कातडीखाली बसवतात. जुन्या पद्धतीत सेकंदाला सुमारे चाळीस ते साठ स्पंदने दिली जात आणि दुखऱ्या जागी मुंग्या आल्यासारखे वाटे. वेदनेच्या जागी मुंग्या, असा तो सौदा होता.

फायदा किती? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत मावशीसारखेच, मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेले शंभर रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर यंत्र बसवलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांची पायाची वेदना निम्म्याने किंवा अधिक कमी झाली होती. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. मात्र वर्षभरात जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांना तार सरकणे, जंतुसंसर्ग अशा यंत्राशी निगडित अडचणी आल्या. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ठरावीक रुग्णांसाठी या उपचाराची शिफारस केली.

पण इथे साक्षीदाराची अडचण पुढे येते. औषधाची पारख करताना निम्म्या रुग्णांना खोटी गोळी देता येते. इथे मुंग्याच सांगत की यंत्र चालू आहे. आपल्याला उपचार मिळतो आहे, हे कळल्यानेही माणसाला बरे वाटते. मग आराम विजेचा किती आणि विश्वासाचा किती, हे वेगळे कसे करायचे?

गेल्या काही वर्षांत मुंग्या न आणणाऱ्या पद्धती निघाल्या. एकीत सेकंदाला दहा हजार स्पंदने देतात, दुसरीत स्पंदने झुबक्यांनी सोडतात. रुग्णाला न कळता यंत्र बंद ठेवणे आता शक्य झाले. नॉर्वेत पन्नास रुग्णांवर तसा प्रयोग झाला : काही महिने यंत्र चालू, काही महिने बंद आणि केव्हा काय, हे रुग्णाला ठाऊक नाही. २०२२ मध्ये निष्कर्ष आला की दोन्ही काळांत लक्षणीय फरक दिसला नाही. स्पंदनांची मांडणी प्रचलित पद्धतीपेक्षा वेगळी होती, असा आक्षेप अनेक तज्ज्ञांनी घेतला. पुढच्या वर्षी कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने उपलब्ध चाचण्या तपासून म्हटले की कंबरदुखीसाठी हा उपचार संशोधनाबाहेर वापरावा, असा आधार या पुराव्यात नाही. वाद अजून मिटलेला नाही.

दरवाजाच्या सिद्धांतालाही प्रश्न पडले आहेत. जाड तंतूंनी वेदना अडत असेल तर या यंत्राने ताज्या जखमेची वेदनाही थांबायला हवी. तशी ती थांबत नाही. यंत्राचा उपयोग झालाच तर तो चेतासंस्थाच बिघडल्यामुळे होणाऱ्या जुनाट वेदनेत होतो. इमारतीचा पाया पुरता भक्कम नाही, पण ज्या खोलीत शिरायला मिळाले ती खोटी नव्हती. वेदना ही जखमेची नुसती वर्दी नाही, ती चेतासंस्थेत घडते आणि जखम भरल्यावरही घडत राहू शकते, एवढे आता कोणी नाकारत नाही.

मेल्झॅक यांनी पुढे, १९७५ मध्ये, वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली सिद्ध केली. तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द वीस गटांत लावलेले आहेत. रुग्णाने आपल्याला लागू पडणारे शब्द निवडायचे. ते वाचल्यावर मी मावशीला विचारले, ‘नेमकं कसं दुखतं गं?’ तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, ‘कमरेत ठणका. पायात आग. रात्री सणक. आणि पावसाळ्यात नुसती रग.’ चार दुखण्यांना चार नावे तिच्याकडे तयार होती. सात वर्षांत ती तिला कोणी विचारलीच नव्हती.

घरच्या बैठकीत मी वाचलेले सगळे सांगितले, नॉर्वेचा प्रयोगही सांगितला. ऐकून ती म्हणाली, ‘म्हणजे गुण आला तरी तो कशाचा, हे मला कळणार नाही. पण आला की नाही, हे माझ्याशिवाय कोण सांगणार?’

दिवाळीनंतर तिची आठवडाभराची चाचणी आहे. वेदनेला शून्य ते दहा असे रोज गुण द्यायला तिला एक वही मिळाली आहे. तिने पहिल्या पानावर आकड्यांऐवजी तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत : सलग चार तास झोप, एसटी स्टँडपर्यंत न थांबता चालणे, पाटावर बसून दहा पोळ्या लाटणे. यांतल्या दोन जमल्या तर यंत्र बसवायचे, नाही तर तार काढून घरी यायचे, असे तिचे तिनेच ठरवले आहे.