सर्फबोर्डाची फिन आणि गॅरेजमधले प्रयोग

रविवारची सकाळ आहे, चहा झाला नसेल तर कप घेऊन या आणि निवांत बसा. आजचा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा जरा वेगळा आहे, आणि तो तुमच्यापैकीच एकींनी सुचवलेला आहे.

सिडनीच्या पश्चिम भागात राहणाऱ्या एका ताईंचा निरोप आला. त्या म्हणतात, "आमच्या चिरंजीवांना सर्फिंगचं वेड लागलंय. वय वर्षं पंधरा. जुना बोर्ड विकत घेतला, त्याची एक फिन तुटली. नवी आणून देते म्हटलं, तर म्हणतो मीच बनवणार. गॅरेजमध्ये प्लायवूड कापत बसतो. बरं, कड तरी सरळ ठेवावी! तीसुद्धा उंचसखल, बोथट करवतीसारखी. म्हणे देवमाशाचा पर असाच असतो. मला आणि ह्यांना पोहताही येत नाही. हे नुसतं खूळ आहे, की यात काही शास्त्र आहे? आणि धोका किती?"

ताई, तुमच्या प्रश्नानं आमचीही शिकवणी झाली. एकेक करून बघू.

आधी फिन म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सर्फबोर्ड फक्त गाडीच्या टपावर बांधलेला पाहिलाय. बोर्ड उलटा केला की शेपटीकडे खाली एक, दोन किंवा तीन पाती दिसतात. माशाच्या परासारखी, मागे झुकलेली. त्या फिन्स. कोकणातली होडी पाहिली असेल तर हे सुकाणूच वाटेल, पण फरक आहे. सुकाणू हातानं फिरवायचं असतं. फिन पक्की बसवलेली असते. बोर्ड वळवायचा तो पायानं, अंगाचा भार एका बाजूला टाकून. फिनचं काम पाण्याला धरून ठेवायचं, म्हणजे शेपूट घसरून जात नाही.

याचा अनुभव घ्यायला समुद्र लागत नाही. पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा, तळहात उभा धरून पाण्यातून पुढे न्या. हात सुरीसारखा सरळ जाईल. आता तळहात किंचित तिरका करा. लगेच हात एका बाजूला ढकलला जाईल. तोच जोर फिनला मिळतो आणि त्यावर बोर्ड वळतो. आता हात आणखी तिरका करा. एका कोनानंतर तो बाजूला जायचं सोडून नुसता अडेल, थरथरेल. पाणी हाताच्या पाठीला चिकटून वाहायचं थांबलं, म्हणून असं होतं. लाटेवर हे झालं की बोर्डाची शेपूट सटकते आणि स्वार पाण्यात. पकड आणि सटकणं यांच्यामधली ही जी रेघ आहे, ती कुठे असावी एवढ्यासाठीच फिनचे सगळे प्रयोग चालतात.

गंमत म्हणजे मुळात सर्फबोर्डाला फिन नव्हतीच. १९१४-१५ च्या उन्हाळ्यात हवाईचा ऑलिंपिक जलतरणपटू ड्यूक कहानामोकू सिडनीला आला होता. त्यानं इथेच लाकडातून स्वतः बोर्ड घडवला आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लोकांना सर्फिंग करून दाखवलं. तो बोर्ड फ्रेशवॉटरच्या सर्फ क्लबात आजही जपून ठेवलाय. त्याला फिन नाही. तेव्हा वळायचं असेल तर एक पाय पाण्यात घालून ओढायचा, आणि उभ्या लाटेवर बोर्ड आडवा घसरायचा तो घसरायचाच.

१९३५ मध्ये वायकिकीला टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकन माणसानं एका मोडक्या स्पीडबोटीची छोटी धातूची कील काढली आणि आपल्या बोर्डाच्या बुडाला लावली. फूटभर लांब, चार इंच खोल. बोर्ड एकदम सरळ, आज्ञाधारक झाला. म्हणजे ताई, जगातल्या पहिल्या फिनची गोष्टसुद्धा भंगारातल्या सामानावरच्या खटपटीचीच आहे. तुमचे चिरंजीव परंपरेला धरूनच चाललेत.

(छोटं संगीत)

आता एक गोष्ट सांगतो ती आपल्या सिडनीतलीच आहे, नॅराबीनची.

१९७० च्या दशकाच्या शेवटी दोन फिनच्या बोर्डाचं राज्य होतं. न्यूकॅसलचा मार्क रिचर्ड्स त्यावर १९७९ ते १९८२ असा सलग चार वेळा जगज्जेता झाला. दोन फिनचा बोर्ड चपळ असतो, पटकन वळतो. पण नॅराबीनचा सायमन अँडरसन होता सहा फुटांहून उंच आणि धिप्पाड. मोठ्या लाटेवर त्याच्या वजनाखाली दोन फिनचा बोर्ड सटकायचा. एका फिनचा बोर्ड घेतला तर तो स्थिर, पण वळायला सुस्त. इतर जिंकत होते, आणि याला आपल्या अंगाला बेतलेला बोर्डच मिळत नव्हता.

अँडरसन स्वतः बोर्ड घडवणारा होता. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये फ्रँक विल्यम्स या सर्फरचा बोर्ड त्याच्या पाहण्यात आला. दोन फिन्स, आणि मागे मधोमध एक लहानशी अर्धचंद्राकृती तिसरी. अँडरसनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिसरी फिन लहान कशाला? त्यानं तिन्ही सारख्या आकाराच्या केल्या. पुढच्या दोन कडेला, पुढची टोकं जराशी आत वळवलेली, म्हणजे वळताना त्या लगेच पाणी धरतात. मागची एक मधोमध, शेपूट आवरायला. नाव ठेवलं थ्रस्टर.

पुढच्या वर्षी, १९८१ च्या ईस्टरला, व्हिक्टोरियातल्या बेल्स बीचवर स्पर्धा होती आणि लाटा प्रचंड होत्या. दोन फिनवाल्यांची तारांबळ उडालेली असताना अँडरसन तीन फिनच्या बोर्डावर जिंकला. त्याच वर्षी तो सिडनीतली मोठी स्पर्धा जिंकला, आणि वर्षअखेरीस हवाईतली पाइपलाइनचीही. आज दुकानात जो बोर्ड उचलाल तो बहुतेक तीन फिनचाच असतो. अँडरसननं त्याचं पेटंट घेतलं नाही.

या गोष्टीतून आपण काय घ्यायचं? अँडरसन काहीतरी विचित्र करायचं म्हणून निघाला नव्हता. त्याची एक नेमकी तक्रार होती: मोठ्या लाटेवर माझी शेपूट सटकते. फिन हे त्या तक्रारीचं उत्तर होतं. म्हणून चिरंजीवांना पहिला प्रश्न हाच विचारा, "बाळा, आहे त्या फिननं नेमकं काय बिघडतंय?" याचं एका वाक्यात उत्तर आलं तर प्रयोग सुरू झाला समजा. उत्तर नसेल, तर सध्या फक्त लाकूडकाम चाललंय. तेही वाईट नाही म्हणा.

तऱ्हेवाईक फिन्स इतरांनीही खूप केल्या. जॉर्ज ग्रीनो नावाच्या कॅलिफोर्नियाच्या माणसानं साठच्या दशकात ट्यूनाची, म्हणजे आपल्या कुप्याची, शेपटी निरखली. अरुंद, मागे झुकलेली, टोकाला लवचीक. तशी फायबरग्लासची फिन त्यानं बनवली. ती वळताना वाकते आणि वळण संपताना सरळ होऊन धक्का देते. नॅराबीनच्या शेजारच्या कॉलरॉयचा नॅट यंग तशा धाटणीची फिन लावून १९६६ मध्ये सॅन डिएगोला जगज्जेता झाला. आजच्या बहुतेक फिन्सचा मागे झुकलेला बाक तिथूनच आला आहे.

पण प्रत्येक हुशार कल्पना रुजतेच असं नाही. बेन लेक्सन या ऑस्ट्रेलियन नौकारचनाकारानं पंख असलेल्या कीलची नौका बनवली, 'ऑस्ट्रेलिया टू'. १९८३ मध्ये तिनं अमेरिका कप जिंकला आणि १३२ वर्षांची अमेरिकेची मक्तेदारी संपवली. त्याच लेक्सनबरोबर सर्फर शेन होरननं सर्फबोर्डासाठी पंखवाली फिन तयार केली. डोकं तेच, कल्पना तीच, पण रोजच्या सर्फरच्या बोर्डावर ती फिन रुळली नाही. नौकेला जमलं म्हणून बोर्डाला जमेलच असं नसतं.

हे लक्षात ठेवून आता देवमाशाकडे वळू. ताई, चिरंजीव खरं बोलतायत. हंपबॅक देवमाशाच्या परांची पुढची कड खरोखरच गाठीगाठींची असते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्या पराच्या प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्या. साध्या कडेच्या पराची पकड ज्या कोनाला सुटते, त्याहून सुमारे ४० टक्के जास्त कोनापर्यंत गाठींच्या पराची पकड टिकली. मघाशी तलावात हात अडला होता ना, तो क्षण या गाठींमुळे लांबतो. शास्त्र पक्कं आहे. फक्त देवमाशाचा पर त्याच्या अंगाच्या जवळजवळ एक तृतीयांश लांब असतो, आणि आपली फिन वीतभरही नसते. एवढ्या लहान आकारात फायदा तेवढाच मिळेल का, हे लाटेवर नेऊनच कळेल.

मग ते कळायचं कसं? इथे आपण सगळेच चुकतो. नवी फिन लावली, त्या दिवशी लाटा छान होत्या, मजा आली, की फिन भारी! लाटा खराब, तर फिन बेकार! हे टाळायला चार गोष्टी करायच्या.

पहिली, एका वेळी एकच बदल. आकारही बदलला आणि लाकूडही, तर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

दुसरी, एकाच दिवशी, त्याच जागी, जुनी आणि नवी फिन आलटून पालटून लावायची. बहुतेक बोर्डांवर एका छोट्या ॲलन कीनं फिन दोन मिनिटांत बदलता येते.

तिसरी, वही. लाटेची उंची, भरती की ओहोटी, कोणती फिन, आणि काय वाटलं, असं गाडीत बसायच्या आधी लिहून काढायचं. घरी येईपर्यंत आठवण गोड झालेली असते.

चौथी मला स्वतःला फार आवडली. फिन मित्राला लावायला सांगायची, आणि आपण बोर्डाखाली बघायचंच नाही. आंधळ्या कोशिंबिरीसारखं. परत येऊन कोणती फिन होती ते ओळखायचं. दहापैकी पाच वेळाच बरोबर आलं, तर समजायचं की फरक मनातच होता.

आणि लाकूड कापण्याआधी फुकटचे प्रयोग आहेत. लाँगबोर्डाच्या मधल्या खाचेत फिन पुढेमागे सरकवता येते. एखादा सेंटिमीटर पुढे घेतली की बोर्ड सहज वळतो, मागे नेली की सरळ आणि स्थिर धावतो. तीन फिनच्या बोर्डाची मधली फिन काढून लहान लाटेवर जाऊन बघायचं. पकड म्हणजे काय ते तिच्याशिवाय एकदा घसरलं की कायमचं समजतं.

बनवायचीच असेल, तर प्लायवूड चांगलंच शिकवतं. मरीन प्लायवूड घ्यावं. घासताना त्याचे थर नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे उमटतात. रेषा दोन्ही बाजूंना सारख्या दिसल्या की उतार सारखा झाला. मधल्या फिनला दोन्ही बाजूंनी फुगवटा, कडेच्या फिन्सना बहुधा आतून सपाट आणि बाहेरून फुगीर. सगळ्यात जाड भाग पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर. पाण्यात फिन गुणगुणायला लागली, तर घाबरू नका. मागच्या कडेपाशी पाणी थरथरतं, त्याचा तो सूर असतो. कड नीट घासली की बंद होतो. घासताना मास्क हवाच, आणि रेझिन लावायचं तर गॅरेजचं दार उघडं ठेवून, हातमोजे घालून.

आता धोक्याचं. फिनची जखम विळीच्या पात्यासारखी होऊ शकते, म्हणून पुढची कड, मागची कड आणि टोक बोटाला टोचणार नाही इतपत गोल ठेवायचं. नवशिक्यांसाठी मऊ कडेच्या फिन्स मिळतात. घरची फिन निदान पहिल्या दिवशी गर्दीत नेऊ नये. पडताना बोर्डापासून दूर, पसरून पडायचं आणि वर येताना हात डोक्यावर. आणि फिन गरजेपेक्षा मोठी, कडक नको. वाळूवर आपटली तर फिन मोडण्याऐवजी बोर्डाची खाचच उखडते, आत पाणी शिरतं, आणि ती दुरुस्ती नव्या फिनपेक्षा महाग पडते.

किनाऱ्यावरचा नियम तर माहीत असू द्याच. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहणाऱ्यांची. कडक बोर्ड आणि त्याच्या फिन्स तिथे न्यायच्या नाहीत.

तर ताई, खूळ नाही, शास्त्र आहे. आणि धोका फिनमध्ये थोडा आहे, समुद्रात जास्त. तुमच्या निरोपातलं "आम्हाला पोहता येत नाही" हे वाक्य मला जास्त लागलं. मुलगा पाण्यात आणि आपण वाळूवर जीव मुठीत धरून उभे, हे इथल्या कितीतरी मराठी घरांत चालतं. जीवरक्षक असतील त्याच किनाऱ्यावर त्याला न्या, एकट्याला पाण्यात जाऊ देऊ नका. आणि जमलं तर तुम्ही दोघंही जवळच्या तलावात मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गाला नाव घाला. तिथे कमरेएवढ्या पाण्यात तळहात तिरका करून बघा. पोरगं गॅरेजमध्ये काय शोधतंय, ते तुमच्या हाताला कळेल.

फिन लाटेवर गेली की वहीत काय लिहिलंय ते चिरंजीवांना आम्हाला कळवायला सांगा. सटकली तरी कळवा. पुढच्या रविवारी भेटूच. तोवर, नमस्कार!