एकांतवास आणि ‘विवेक’

मराठीत विवेक म्हणजे सारासार विचार. पाली भाषेत मात्र ‘विवेक’ या शब्दाचा अर्थ अलिप्त होणे, एकांत असा आहे. हे दोन अर्थ परस्परांपासून फार दूरचे आहेत असे आम्हांस वाटत नाही. पाली साहित्यात विवेकाचे तीन प्रकार सांगितले आहेत. शरीराने गर्दीपासून दूर जाणे हा कायविवेक, ध्यानाच्या योगे चित्त विकारांपासून दूर होणे हा चित्तविवेक आणि सर्व क्लेशांपासूनची अंतिम मुक्ती हा उपधिविवेक. आज उपासक-उपासिका काही दिवसांचा वैयक्तिक एकांतवास घेतात, तो पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाण्याचा प्रयत्न होय. तिसऱ्याविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही.

एकांतवासाचा विषय निघाला की आपल्या समाजातून दोन शंका हमखास पुढे येतात. शतकानुशतके आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले गेले. आता कुठे संघटित झालो असताना पुन्हा एकटे का बसायचे, ही पहिली. दुसरी बाबासाहेबांच्या विचारातून आलेली आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी भिक्खू हा केवळ परिपूर्ण मनुष्य असावा की समाजसेवक, असा थेट प्रश्न विचारला आहे. मग समाजाची कामे बाजूला ठेवून डोळे मिटून बसणे या शिकवणुकीत कसे बसते? दोन्ही शंका रास्त आहेत.

पहिलीचे उत्तर बाबासाहेबांच्याच चरित्रात सापडते. १९१७ साली बडोद्यातील पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर त्यांना एका सार्वजनिक बागेत झाडाखाली बसावे लागले. तो बहिष्कार होता. तेथे दार दुसऱ्याने बंद केले होते. पुढे याच महापुरुषाने दादरला ‘राजगृह’ बांधले ते आपला ग्रंथसंग्रह डोळ्यांपुढे ठेवून. तेथे अभ्यासासाठी लावून घेतलेले दार त्यांचे स्वतःचे होते. आपल्यापैकी कितीजणांना असे दार लाभले? एका खोलीत सात-आठ माणसे, रात्री कंदिलाभोवती भावंडांची दाटी, आणि निवासी शाळेत आल्यावर पुन्हा रांगेने मांडलेल्या खाटा! आमचे अनेक माजी विद्यार्थी वयाच्या तिशीपर्यंत एक संपूर्ण दिवसही एकटे राहिलेले नसतात. त्यांच्यासाठी एकांत ही चैन आहे असे कोणी म्हटले, तर आम्ही ते मान्य करणार नाही.

दुसऱ्या शंकेसाठी भगवान बुद्धांच्या आचरणाकडे पाहावे. इच्छानंगल येथील वनात तथागत तीन महिने एकांतात राहिले. भिक्षान्न घेऊन येणाऱ्या एकाच भिक्खूखेरीज कोणी जवळ येऊ नये, असे त्यांनी सांगितले होते. तो काळ त्यांनी आनापानसतीत, म्हणजे श्वासोच्छ्वासाच्या जागरूकतेत घालविला. पंचेचाळीस वर्षे गावोगाव चारिका करणाऱ्या शास्त्यालाही हे तीन महिने हवेसे वाटले, आणि त्यानंतर ते पुन्हा लोकांतच परतले.

आपल्या डोंगरांतील लेणीही हेच सांगतात. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांतील कित्येक अगदी लहान आहेत: पुढे ओसरी, आत एक खोली, निजण्यासाठी दगडी ओटा आणि बाजूला पाण्याचे टाके. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. खोली एकाची, पण शेजारी दुसरी खोली, आणि सर्वांना एकत्र आणणारे चैत्यगृहही त्याच डोंगरात. भाजे आणि कार्ले ही लेणी तर घाटमाथ्याच्या व्यापारी मार्गालगत आहेत. हा एकांत वस्तीशी नाते राखून होता. (लेणी आज संरक्षित स्मारके असल्याने तेथे मुक्काम करता येत नाही, हे उत्साही तरुणांनी ध्यानात घ्यावे.)

तरीही सर्वांनी उद्याच एकांतात जावे असे आमचे मत नाही. ‘उदान’ या ग्रंथातील मेघियाची कथा येथे मोलाची आहे. मेघिय हा त्या वेळी भगवंतांचा सेवक होता. नदीकाठचे रम्य आम्रवन पाहून त्याला तेथे एकट्याने ध्यान करावेसे वाटले. ‘दुसरा भिक्खू येईपर्यंत थांब,’ असे भगवंतांनी सांगूनही त्याने तीनदा आग्रह धरला आणि तो गेला. वनात बसल्यावर त्याच्या मनात कामाचे, द्वेषाचे आणि हिंसेचे विचार दाटून आले. तो गोंधळून परतला. भगवंतांनी त्याला न रागावता चित्त परिपक्व होण्यासाठी पाच गोष्टी सांगितल्या. त्यांतील पहिली कल्याणमित्रता ही होती. एकांताची तयारी मैत्रीपासून सुरू होते, याचे आम्हांस प्रत्येक वेळी नव्याने नवल वाटते.

म्हणून ज्याने कधी ध्यान केले नाही, त्याने आधी सामूहिक शिबिर करावे. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या ठिकाणी दहा दिवसांची शिबिरे होतात. तेथे आर्य मौन असते, पण मार्गदर्शक जवळ असतो. नुकताच जवळचा माणूस गमावलेल्या, मानसिक आजारावर औषध घेत असलेल्या किंवा निद्रानाशाने त्रस्त व्यक्तीने डॉक्टरांच्या आणि जाणत्या कल्याणमित्राच्या सल्ल्यावाचून एकटे राहू नये. यात कमीपणा काही नाही.

सुरुवात एका दिवसाने करावी, पुढे तीन दिवस. विहाराची रिकामी खोली, शेतातले घर, ध्यानकेंद्रातील कुटी, काहीही चालेल. कोठे आहोत हे घरी एका माणसाला ठाऊक असावे. मोबाईल त्यानंतर बंद. ध्यानाच्या बैठका, त्यांच्या मधे चंक्रमण, साधे जेवण आणि स्वतःची भांडी स्वतः घासणे एवढाच दिनक्रम पुरे. पुस्तके नेल्यास एकच न्यावे. नाहीतर वाचन हीच पळवाट होते.

पहिल्या रात्री भीती वाटते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. बोधीपूर्वी अरण्यात राहताना मोराने पाडलेली काटकी किंवा वाऱ्याने सळसळलेला पाला ऐकून भय कसे दाटे, हे स्वतः भगवंतांनी ‘भयभेरव सुत्ता’त सांगितले आहे. चालताना भय आले तर ते ओसरेपर्यंत ते चालतच राहिले. बसलेले असताना आले तर बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशी बहुधा कंटाळा येतो, आणि तो भीतीपेक्षा चिवट असतो. जुनी भांडणे, न फेडलेली कर्जे, आईला बोललेले कठोर शब्द असे सारे रांगेने उभे राहते. तेव्हा घाईने मन शांत करण्याच्या भरीस पडू नये. श्वासाकडे परत यावे आणि दिवसातून एकदा तरी मेत्ता भावना करावी.

शेवटी एक गोष्ट पुरुष वाचकांसाठी. एकांतवास घेतलेले उपासक आम्हांला पुष्कळ भेटतात, उपासिका थोड्या. त्यांना इच्छा नाही असे नव्हे. घर सोडवत नाही, आणि निर्जन जागी एकट्या स्त्रीच्या सुरक्षिततेचा प्रश्न खराच असतो. बहिणीच्या घरातील एक खोलीही यासाठी पुरते. तीन दिवस स्वयंपाक, मुलांची शाळा आणि सासूबाईंची औषधे कोण पाहणार, हे मात्र ती जाण्यापूर्वी नवऱ्याने बोलून ठरवावे, आणि ती परतेल त्या दिवशी मोरीत भांड्यांचा ढीग साचलेला नसावा.